जोर पहिल्या तुकड्यावर

२० मार्च २००७, मंगळवार
नीनाने ही वही दिली. नीना म्हणजे हॉस्पिटलातली, बोलणं शिकवणारी पोरगी. इथल्याच, लंडनच्या वेम्बलीची गुजराती आहे, माझ्याशी अर्धं हिंदी अर्धं गुजराती बोलते. म्हणाली, मासी, रोज तारीख टाकायची आणि ते जे बोलतील ते ऐकू येईल तसं लिहायचं. मी म्हटलं, बाई, मी चौथी पास. तर म्हणे, बहुत है.
म्हणून लिहिते. २ मार्चला सकाळी यांच्या हातातून चहाचा कप सुटला आणि हे स्वयंपाकघरात खालीच बसले. आज अठरा दिवस. तोंड वाकडं झालेलं सरळ झालं, उजवा हात अजून लुळा आहे. बोलणं गेलं. गेलं म्हणजे बोलतात, पण काय बोलतात ते देवाला ठाऊक. मराठी नाही, हिंदी नाही, इंग्रजी पण नाही.
आज बोललेलं: द्रिक्केवान. तीनदा. मग रागावून भिंतीकडे तोंड.

२३ मार्च, शुक्रवार
पलंगाच्या डोक्याशी पांढरी पाटी आहे. पेशंटला काय म्हणून हाक मारायची ते तिथे लिहितात. पहिल्या दिवशी नर्सने मला विचारलं, घरी तुम्ही यांना काय म्हणता? मी खरं ते सांगितलं. अहो. तिने लिहून टाकलं.
आता सगळं हॉस्पिटल यांना अहो म्हणतं. चहावाली येते, "मॉर्निंग, अहो." सहा फुटी नर्स येतो, "कमॉन अहो, माय फ्रेंड" आणि कूस बदलतो. मेल्याहून मेल्यासारखं होतं मला. स्वरालीला म्हटलं, पूस ते. माझी मुलगी, वीस वर्षांची घोडी, युनिव्हर्सिटीत जाते. ती खो खो हसली. "आई, इट्स सो क्यूट!"
क्यूट काय त्यात? आणि हे कुणाच्याच अहोला बघत नाहीत. माझ्या पण नाही.

२७ मार्च, मंगळवार
मी रोज सकाळी ईलिंग रोडला एका गुजराती बेनच्या किचनमध्ये तीनशे पोळ्या लाटते, मग बस पकडून हॉस्पिटल. आज पोचले तर नीना वाटच बघत होती. तिने यांचा आवाज यंत्रात भरून घेतला होता, तो ऑफिसात कुणाकुणाला ऐकवला. एक जण म्हणाला, ही बडबड नाही, ही नॉर्वेची भाषा आहे.
नीना म्हणाली, मासी, ये कैसे?
कैसे काय, हे वीस वर्षं नॉर्वेच्या बोटींवर होते. चौऱ्याण्णव साली इथे गोदामात नोकरी लागली तेव्हा आम्हा दोघींना घेऊन आले. नीना म्हणते, मेंदूला मार लागला की कधी कधी एक भाषा बुडते आणि दुसरी वर येते. कुठली वर येईल ते सांगता येत नाही.
मी विचारलं, मराठी बुडायची आणि ती वर यायची? आईच्या दुधाची भाषा बुडते?
म्हणाली, हो.
द्रिक्केवान म्हणजे प्यायचं पाणी. तीन आठवडे हा माणूस पाणी मागत होता आणि मी समोर बसून अहो काय हवंय, अहो काय हवंय करत होते. बाटली माझ्या मांडीवर होती.

३० मार्च, शुक्रवार
नीनाने एक बाई आणली. मारीत. नॉर्वेची, सत्तरीची, पूर्वी नर्स होती. दर मंगळवार-शुक्रवार येणार. पैसे घेत नाही. चेहरा पिठासारखा पांढरा, पण हात कामाचे आहेत, बघितल्या बघितल्या कळलं.
ती यांच्याशी बोलायला लागली आणि हे हसले! इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला आनंद व्हायला हवा होता. झाला पण. पण मग मी बाहेर जाऊन उगाच मशीनचा चहा घेतला. प्यायले नाही.
नीनाने आज स्पष्ट सांगितलं. ३ मेला मीटिंग आहे. यांना घरी पाठवायचं की नर्सिंग होममध्ये, ते ठरणार. स्वराली दिवसभर बाहेर, घरी मीच. तर यांचं पाणी आणि दुखणं मला कळलं पाहिजे, आणि मी हाक मारली की यांनी माझ्याकडे बघितलं पाहिजे. नाही जमलं तर होम.
मी म्हटलं, म्हणजे परीक्षा माझी?
"दोघांची," नीना म्हणाली.
तेरा वर्षांत मला इंग्रजी धड आलं नाही. आता महिन्याभरात नॉर्वेची भाषा. बरंय.

३ एप्रिल, मंगळवार
त्या लोकांचे शब्द मालगाडीसारखे लांब. मारीत टेबलावर बोटं आपटून शिकवते. म्हणते, घाबरू नको, लांब शब्द म्हणजे दोन छोटे शब्द जोडलेले. आधी सांधा शोध. सांध्यावर तोड, मधेच तोडू नको. मग जोर पहिल्या तुकड्यावर. दुसरा तुकडा हलका, पण मारून टाकायचा नाही.
मला काही कळेना. मी सगळीकडे सारखाच जोर द्यायचे. हे माझ्याकडे असे बघायचे जसं मी भांडतेय.
मग मी पिशवीतून लाटणं काढलं. (किचनमधून तशीच येते.) मारीतला दाखवलं. गोळ्यावर पहिलं लाटणं दाबून, मग कडेकडेने हलका हात. असं? द्रिक्के — वान?
ती ओरडलीच. "या! या!" म्हणजे हो, हो.
आपल्याकडे पोळी कुणी सगळीकडे दाबून लाटत नाही. कडा हलकी लागली तरच फुगते. हे मला आधी सांगितलं असतं तर चार दिवस वाचले असते. नर्स येऊन लाटण्याकडे बघून गेली. जाईना का.

६ एप्रिल, शुक्रवार
आज मारीतने मुद्दाम वेगळा शब्द दिला. माशीनरुम. बोटीच्या इंजिनाची खोली. मी पहिल्याच ठिकाणी दाबलं, 'मा'वर. हे हसले. मारीत म्हणते, पहिला तुकडा माशीन, त्याचा स्वतःचा जोर आधीच 'शी'वर बसलेला असतो. जोडला तरी तो तिथेच राहतो.
म्हणजे नियम करायचा आणि मग मोडायचा. सगळीकडचे लोक सारखेच.
हूदेपीने — डोकेदुखी. हा मीटिंगला लागेल. दहा वेळा लिहिला.

१० एप्रिल, मंगळवार
आता हे आपणहून खूप बोलतात. मी लिहीत सुटते, मारीत अर्थ सांगते, नीना हिंदी करते.
तानबोश्ते — दात घासायचा ब्रश.
मातपाक्के — डबा. पोरं शाळेत नेतात तो, असं मारीत म्हणाली. मग म्हणाली, कामावरचे लोक पण नेतात.
रैनयाक्के — पावसाचा कोट.
बार्नेवोन — प्रॅम.
सोमरफूल — मला वाटलं फूल, तर फुलपाखरू. ते लोक त्याला उन्हाळ्यातलं पाखरू म्हणतात. चांगलं आहे.
लेग्गेती — झोपायची वेळ. हे दुपारी तीन वाजता म्हणतात, नर्सने पडदा ओढला की.
बोटीवरच्या माणसाला काय काय लागतं! प्रॅम कशाला लागत असेल? स्वरालीला म्हटलं, कॅप्टनच्या बायका येत असतील पोरं घेऊन. मारीतने चष्मा पुसला.
एवढे शब्द आले, त्यात इंजिनाचा एकच, आणि तो पण मारीतने दिलेला.

१३ एप्रिल, शुक्रवार
कॉरिडॉरमध्ये मारीत, नीना आणि स्वराली तिघी बोलत उभ्या होत्या. मी गेल्यावर गप्प. स्वरालीचे डोळे लाल. विचारलं तर म्हणे हे-फीवर, फुलांच्या परागांनी होतो तो. मागच्या वर्षी नव्हता तो फीवर.
नीनाने विचारलं, मासी, अंकल नॉर्वेमध्ये जमिनीवर पण राहिले होते का?
हो, राहिले की. बर्गनला. एकोणऐंशी ते ब्याऐंशी. बोट दुरुस्तीला होती म्हणून तीन हिवाळे तिथेच अडकले. तिथे फार पाऊस, असं पत्रात लिहायचे. वर्षाला दोन पत्रं. मी गुहागरला सासूजवळ. लग्नाला पाच वर्षं होऊन गेली तरी मूल नव्हतं, सासू सगळ्यांसमोर म्हणायची, हिच्यात काहीतरी कमी आहे. मी मान खाली घालून नारळ सोलायची. स्वराली झाली सत्याऐंशीत. तोवर अकरा वर्षं ऐकून घेतलं.
हे सगळं मी नीनाला सांगितलं. ती हिंदीतून इंग्रजी करता करता थांबली आणि मारीत खिडकीबाहेर बघायला लागली. एवढं काय त्यात? जुनी गोष्ट आहे.

१७ एप्रिल, मंगळवार
आज नवलच. मी उभी होते, बस चुकू नये म्हणून घाईत. यांनी डाव्या हाताने माझा स्वेटर धरला आणि गुंड्या लावायला लागले. खालून वर. एक, दोन, तीन. गळ्यापर्यंत. मग हनुवटीवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "रैनयाक्के, तूवा."
या माणसाने कधी स्वतःच्या शर्टाची गुंडी शिवून घेताना पण धीर धरला नाही. स्वराली शाळेत जायची तेव्हा पेपर वाचत बसायचे, मी बोंबलायची तिच्या बुटासाठी.
मी हलले नाही. बस गेली.
मारीतला विचारलं, तूवा म्हणजे? आता बरेचदा म्हणतात, लांब शब्दाच्या शेवटी. ती स्वरालीकडे बघायला लागली. स्वराली म्हणाली, "आई, त्याची अर्थ नाही आहे. असाच एक छोटा वर्ड असते."
तूवा — अर्थ नाही.

२० एप्रिल, शुक्रवार
मारीत उशिरा आली. म्हटलं, चला आपणच सुरू करू. तीन वाजता नर्सने पडदा ओढला. मी यांची चादर नीट केली, लाटण्याने हळू ठोकलं आणि म्हटलं, "लेग्गेती, तूवा." जोर अगदी बरोबर दिला.
हे माझ्याकडे बघत राहिले. मग रडायला लागले. आवाज न करता, नुसतं पाणी. त्यांचे वडील गेले तेव्हा पण रडले नव्हते.
माझं काय चुकलं? जोर बरोबर होता. सांधा बरोबर होता. अर्थ नसलेल्या शब्दाने माणूस रडतो का?
आज खूप गोंधळले आहे. स्वराली फोन उचलत नाही.

२४ एप्रिल, मंगळवार
आज मात्र डोकं फिरलं.
मी पलंगाशी उभी राहून अहो, अहो करतेय. हे छताकडे बघतायत. मारीत दारातून आली, हातात फाइल, आणि फाइलमधलं नाव वाचून तिने सरळ हाक मारली. पहिल्या तुकड्यावर जोर देऊन, त्यांच्या पद्धतीने. यांनी झटकन मान वळवली! चेहऱ्यावर हसू.
एकतीस वर्षांत ते नाव मी दोनदा घेतलंय. एकदा लग्नात उखाण्यात, एकदा स्वरालीच्या बारशाला, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. आणि ही परकी बाई कागदावरून वाचते आणि हे वळतात.
मारीत नीनाला काहीतरी म्हणाली. नीना म्हणाली, मासी, मीटिंगमध्ये तुम्ही पण नावानेच हाक मारा.
मी म्हटलं, ते होणार नाही.
"क्यूँ?"
आता गुजराती पोरीला काय समजवायचं! तिची आई पण घेत नसेल. म्हटलं, घरी जाऊन आईला विचार.
पाटीवरचं अहो मात्र मी आज स्वतः पुसलं. ओल्या कपड्याने. त्या पाटीवर ते माझं होतं, सगळ्यांनी वापरून चोथा केला.

२७ एप्रिल, शुक्रवार
नीना येऊन म्हणाली, आईला विचारलं. मम्मी म्हणाली, पाप लागत असेल तर मला लागू दे, पण मासीला सांग नाव घे.
किचनमध्ये पोळ्या लाटताना मनात म्हणून बघितलं. क पर्यंत येतं आणि पुढे सरकत नाही. सासू जाऊन बारा वर्षं झाली तरी पाठीशी उभी आहे असं वाटतं. एक पोळी करपली. बेन ओरडल्या.

१ मे, मंगळवार
पाणी जमतं. डोकेदुखी जमते, मी विचारते, हे मान हलवतात. मारीत म्हणाली, तुझी हूदेपीने बर्गनच्या बाजारात चालेल. हाक तेवढी राहिली. अहोला अजून बघत नाहीत. एकदाही नाही.
स्वराली म्हणाली, "आई, होममध्ये गेला तरी आपण रोज जाऊ ना." होममध्ये यांना उकडलेला बटाटा भरवणार आणि गालावरून हात फिरवून डार्लिंग म्हणणार. आणि मी घरी एकटी भिंतीला अहो म्हणू? नाही.
तिला म्हटलं, गेला नाही, गेले म्हण. बाप आहे तो.
ती म्हणाली, "तूच तर आत्ता तो म्हणाली."

३ मे, गुरुवार
झालं एकदाचं.
छोटी खोली. डॉक्टरीण, सोशल वर्कर, सहा फुटी नर्स, नीना, मारीत, स्वराली. हे चाकाच्या खुर्चीत, पाठ माझ्याकडे, खिडकीतून पार्किंग बघत.
आधी पाणी. मी विचारलं, द्रिक्केवान? यांनी मान हलवली, पेला दिला, प्यायले. हूदेपीने? नाही म्हणाले. डॉक्टरिणीने लिहून घेतलं. मग म्हणाली, आता त्यांना बोलवा.
मी म्हटलं, अहो. पार्किंगमध्ये एक लाल गाडी मागे घेत होते, ती बघत बसले.
अहो. जरा मोठ्याने.
डॉक्टरिणीने पेन उचललं. सोशल वर्करने घड्याळ बघितलं. माझ्या अंगाची आग झाली. त्या घड्याळवालीचा आला की सासूचा आला माहीत नाही, राग आला एवढं खरं. पिशवीतलं लाटणं काढलं, टेबलावर एक ठोका दिला आणि म्हटलं,
"कमलाकर!"
जोर पहिल्या तुकड्यावर.
यांनी मान वळवली. हसत वळवली, जशी मारीतला वळवतात. मग मी दिसले. हसू तिथेच थांबलं. माझ्याकडे बघितलं, लाटण्याकडे बघितलं, सगळ्या लोकांकडे बघितलं. डोळे असे मोठे झाले जसा माझा पदर पेटलाय. आणि म्हणाले,
"अगं!"
खोलीत कुणाला काही कळलं नाही. मारीत नीनाला विचारते, हा कुठला शब्द? आमच्यात नाही हा.
"अगं," पुन्हा म्हणाले. हळू. "अगं... नाव..." पुढचं आलं नाही.
मी म्हटलं, हो घेतलं नाव. पुन्हा घेईन. घरी यायचंय की नाही?
स्वराली रडत हसत होती. सहा फुटी नर्स टाळ्या वाजवायला लागला, त्याला काय कळलं कोण जाणे. डॉक्टरिणीने विचारलं, त्यांनी काय म्हटलं? नीना म्हणाली, "हर नेम." माझं नाव.
माझं नाव लीलावती आहे. पण नीना बरोबर म्हणाली.

११ मे, शुक्रवार
घरी आणलं. जिन्याला नवा कठडा कौन्सिलने लावून दिला, तिरका. मारीत निरोप घ्यायला आली होती. मी तिला सहा पोळ्या बांधून दिल्या. म्हटलं, मातपाक्के. तिने मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलीच नाही. चांगली बाई आहे, पण मोठी रडकी.

१३ मे, रविवार
स्वराली स्वयंपाकघरात येऊन उभी. "आई, मला तुला एक गोष्ट सांगायची होता. तूवाबद्दल."
मी म्हटलं, अर्थ नाही म्हणालीस ना?
"हो, पण..."
"मग झालं. तवा तापलाय. कणीक मळ."
ती मळायला लागली. पाणी जास्त घातलं. मी वरून पीठ टाकलं. ही पोरगी यांच्यासारखी दिसते, कपाळापासून नाकापर्यंत. आज जास्तच वाटलं. म्हटलं, ती पण आता तिशीला आली असेल. स्वराली दचकली, "कोण?"
मी म्हटलं, कुठे कोण. पोळी उलट.
मी कुणाबद्दल म्हणाले ते मलाच नीट कळलं नाही. तोंडातून गेलं.

२० मे, रविवार
दुपारी पाऊस. मी दुकानात निघाले दुधासाठी. यांनी खुर्चीतून हात केला, ये म्हणून. गेले. डाव्या हाताने माझ्या कोटाच्या गुंड्या लावायला लागले. खालून वर, एकेक, घाई नाही. दूध मिळायचं राहिलं तर राहिलं, मी उभी राहिले. शेवटची गुंडी गळ्याशी लावली. हनुवटीवर बोट टेकवलं.
मी वाट बघत होते. कशाची, ते वहीत लिहिता येत नाही.
हे म्हणाले, "रैनयाक्के, अगं."
एका दमात म्हणाले, एकच लांब शब्द असल्यासारखा. सांधा कुठे ते मला कळलं. जोर कुठल्या तुकड्यावर होता ते नाही कळलं. पुन्हा म्हणा, म्हणावंसं वाटलं, पण पाऊस वाढला होता. मी छत्री न घेताच गेले.